अजब बंगला पाहायला जायचंय, सोबत म्हातारी आई आणि दोन लेकरं. काय पाहावं, कसं पाहावं?

पऱ्हाटीवाला, तालुका वरोरा

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्यांत घरच्यांना घेऊन नागपूरचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, पाहायचं ठरवलं आहे. सोयाबीन निघालं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून कापसाचा पहिला वेचा धरायला थोडा अवकाश आहे, तेवढ्यात एक पूर्ण दिवस मिळतो. एकदा वेचणी लागली की घरचं कोणी हलत नाही.

सोबत बायको, सहावीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि माझी आई. मुलगी खूप वाचते. इतिहासाच्या पुस्तकात वाकाटक आले तेव्हापासून तिचं एकच सुरू आहे, "बाबा, ते आपल्याकडचेच राजे ना? मग त्यांचं काही पाहाले कुठं मिळते?" मला नीट उत्तर देता येत नाही. मुलाला फक्त जनावरं पाहिजेत. बैल, वाघ, डायनोसॉर, एवढंच त्याचं जग. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी अजून उशाशी घेऊन झोपतो.

आईचं वेगळं आहे. तिचे गुडघे दुखतात, एका जागी फार वेळ उभं राहवत नाही. ती म्हणते, "मेलेले जनावरं अन् फुटके देव पाहाले पैसे मोडून नागपूरले कायले जाचं? तुम्ही जा, मी घर राखतो." पण तिला मागे ठेवून जायला माझं मन घेत नाही. निंदण-वेचण सोडून तिनं आयुष्यात फारसं काही पाहिलं नाही. नागपूर म्हणजे तिच्यासाठी फक्त दवाखाना. दवाखान्याच्या कामाशिवायही तिनं नागपूर पाहावं, एवढीच माझी इच्छा आहे.

मंडळी, सांगा: एका दिवसात काय काय होतं? आईला घेऊन जाणं बरोबर आहे का? आणि पोरं दहा मिनिटांत कंटाळू नयेत म्हणून काय करावं? घाईघाईत काचा पाहून बाहेर निघालो असं व्हायला नको.

खापरीवाला

दादा, पहिलं लक्षात ठेवा, सोमवारी संग्रहालय बंद असतं. दिवाळीच्या दिवसांत सरकारी सुट्ट्याही असतात, तेव्हा निघायच्या आधी फोन करून खात्री करून घ्या. वरोऱ्याहून येऊन दार बंद दिसलं तर दिवस वाया जाईल.

गाडी करून येत असाल तर जाम, बुटीबोरी करत खापरीपर्यंत या आणि तिथून मेट्रो धरा. लिफ्ट आहे, बसायला जागा मिळते, आईंना त्रास होणार नाही. बराचसा रस्ता वरून जातो, पोरांना खिडकीतून अख्खं नागपूर दिसतं. झिरो माइल नाहीतर कस्तुरचंद पार्क स्टेशनला उतरा, तिथून ऑटोनं सिव्हिल लाइन्स अगदी जवळ. झिरो माइलचा खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे मुलाला दाखवाच.

दिवाळीचं जमलं नाही तर डिसेंबरात अधिवेशनाच्या काळात येऊ नका. विधानभवन तिथेच आहे. मोर्चे असतात, रस्ते अडवलेले असतात, म्हाताऱ्या माणसाला फार चालावं लागतं.

हिंगणघाटकर

माझं मत वेगळं आहे. दुसरीतल्या मुलासाठी गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र बरं. बाहेर डायनोसॉरच्या मोठमोठ्या प्रतिकृती आहेत, आत हात लावून करायचे प्रयोग आहेत, तारांगण आहे. आमची मुलं तिथून निघायला तयार नव्हती. जुन्या मूर्ती आणि शिलालेख लहान लेकरांना कळत नाहीत. पहिल्यांदा जाताय तर जिथं मुलं रमतात तिथं जा, बाकीचं मोठं झाल्यावर.

वैनगंगेकाठची बाई

भाऊ, मी पवनीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात नोकरी गेली, आता निवृत्त आहे. शाळेची मुलं घेऊन अजब बंगल्यात बरेचदा गेले, नंतर नातवंडांना घेऊनही जात राहिले. म्हणून थोडं लांबण लावून लिहिते.

हिंगणघाटकर म्हणतात ते विज्ञान केंद्र चांगलंच आहे, मुलांना जरूर दाखवा. पण दोन्ही एका दिवशी नको. आणि अजब बंगला लहान मुलांना कळत नाही हे मला पटत नाही. आपण मुलांना काय सांगतो त्यावर ते अवलंबून असतं. तिथं जगभरातली नवलाई पाहायला म्हणून गेलात तर पोरं कंटाळतीलच. आपल्या मातीतलं काय आहे ते शोधायला गेलात, तर तुमच्या घरातलं सगळ्यात जाणकार माणूस तुमची आईच आहे. तिला घरी ठेवू नका.

हे मी उगाच म्हणत नाही. पक्ष्यांच्या दालनात गेलात की लगेच पाटी वाचू नका. आधी आजींना विचारा, "माय, हा कोण?" टिटवी, होला, तित्तर, नीळकंठ ही नावं त्यांना पाटीशिवाय येतात. टिटवीनं अंडी उंचावर घातली की त्या वर्षी पाऊस जास्त, असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतात, ते तिथं उभं राहून नातवंडांना सांगू द्या. कोणता पक्षी पेरणीच्या वेळी दिसतो, कोणता आता दिसेनासा झाला, हे कोणत्याच पाटीवर नसतं. तुमच्या मुलीला एक वही द्या आणि आजी सांगेल ती नावं लिहायला लावा. आमच्या शाळेची मुलं मी अशीच घरी आजी-आजोबांकडे पाठवायची, आणि वह्या भरून यायच्या. आमच्याकडच्या मुलांना मी सारसाचं विचारायची. महाराष्ट्रात सारस आता गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांतच राहिले आहेत. तुमच्या वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यात माळढोक होता. आजींना विचारा, त्यांनी लहानपणी शेतात तो मोठा, मान ताठ ठेवून चालणारा पक्षी पाहिला होता का. पाहिला असेल, तर त्या दालनात त्यांच्याएवढं मोलाचं दुसरं काही नाही.

मुलगा एक प्रश्न हमखास विचारेल: यांना मारून ठेवलं का? टाळू नका. जुन्या काळी शिकार होत असे, तेव्हाच्या जनावरांची कातडी कमावून सांगाड्यावर चढवत. आज यांतल्या कितीतरी जनावरांना मारणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. चित्ता आपल्या देशातून संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. रानम्हशी महाराष्ट्रात आता गडचिरोलीच्या कोलामार्काकडेच उरल्या आहेत. दुसरीतल्या मुलाला हे पुरतं समजतं. काही मुलं ऐकून गप्प होतात, तेव्हा त्यांना थोडा वेळ तसंच राहू द्यावं.

मुलाला बैल आवडतो ना? मग त्याला गुंगेरियाची गोष्ट सांगा. आता मध्य प्रदेशात असलेल्या बालाघाट जिल्ह्यातलं हे गाव. १८७० साली तिथं गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून डोकं काढलेला धातूचा तुकडा दिसला. खणलं तर तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या, कुऱ्हाडी आणि लांबट पहारीसारखी हत्यारं, आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे. त्यांतले काही पत्रे गोल आणि काही शिंगांसकट बैलाच्या तोंडाच्या आकाराचे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला हा ठेवा मानतात. त्यातला काही भाग लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि काही नागपूरला राहिला. गुंगेरियाच्या वस्तू कुठे मांडल्या आहेत ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. गुरं राखणाऱ्या पोरांना हे सापडलं, ही गोष्ट आपल्या मुलांच्या मनाला फार लागते. माझ्या वर्गातला एक मुलगा शाळा सुटल्यावर ढोरांमागे जायचा. त्यानं ही गोष्ट मला परत परत सांगायला लावली.

आता मुलीचे वाकाटक. तिला सांगा की हे राजे रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून राज्य करत, म्हणजे आजच्या नगरधन परिसरातून. त्या घराण्यातली प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी. नवरा वारल्यावर मुलगे लहान होते, तेव्हा तिनं स्वतः कारभार पाहिला. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा आहे. तांब्याचे पत्रे पाहताना ही जुनी भांडी असतील असं मुलांना वाटतं. त्यांना सांगा, राजानं कुणाला जमीन दिली त्याचा हा कागद आहे, फक्त तांब्यावर कोरलेला. गावाचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी जमिनीच्या चारी बाजूंची हद्दसुद्धा. तलाठी कार्यालयात सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेला माणूस ताम्रपटासमोर आपोआप थांबतो, हे मी पालकांच्या बाबतीत पाहिलं आहे. मुलीला अक्षरं वाचता येणार नाहीत, पण एखादी ओळ वहीत उतरवून काढू द्या. डोळ्यांनी पाहिलेलं विसरतं, हातानं काढलेलं राहतं.

जाता जाता बुटीबोरी लागेल. तिथून जवळ टाकळघाट आहे, जुन्या शिलावर्तुळांचं गाव. मोठमोठ्या दगडांचं गोल रिंगण आणि आत लोखंडी हत्यारं, मडकी पुरलेली. सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भातले लोक आपल्या मृतांसाठी अशी वर्तुळं करत. नागपूरजवळ जुनापाणीला तर त्यांचं रानच आहे. १८६३च्या सप्टेंबरात स्टीफन हिस्लॉप नावाचे पाद्री टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात वाहून गेले. नागपूरच्या मातीतले जीवाश्म, खडक आणि इथल्या आदिवासींविषयीची माहिती त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केली होती. त्याच १८६३ साली अजब बंगला सुरू झाला. तो उभा करण्यात पुढाकार घेणारे मध्य प्रांताचे ब्रिटिश मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीच १८६६ मध्ये हिस्लॉपची टिपणं छापून काढली. गाडीत बसल्या बसल्या हे मुलांना सांगून ठेवा. मग दगडी आणि लोखंडी वस्तूंच्या दालनात मुलं "टाकळघाटचं आहे का?" असं विचारत फिरतात.

आणि एक तुमच्या तालुक्याचं. पिजदुरा म्हणा की पिसदुरा, तुमच्याच वरोरा तालुक्यातलं गाव. जगभरचे डायनोसॉर अभ्यासणारे लोक या गावाचं नाव घेतात. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं तर मिळालीच, शिवाय दगड झालेलं शेणही मिळालं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की त्यात गवताचे बारीक सिलिकाचे कण आहेत, आणि त्यांत आपल्या धानाच्या आणि बांबूच्या नातलग गवतांचेही आहेत. त्याआधी डायनोसॉरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच असं समजत. धानाच्या पातीनं रोवणीला बोटं कापतात, ती याच सिलिकामुळे. आमच्याकडच्या बायांना मी हे सांगते तेव्हा त्या स्वतःच्या हाताकडे पाहतात. तुमच्या मुलाला नागपूरचा डायनोसॉर पाहायच्या आधी सांगा की तो तुमच्या शिवारात चरत होता. फक्त तिथून कुणीही दगड उचलून आणू नये, हे त्याच दिवशी शिकवा. जागेवरून हलवलेला दगड अभ्यासाच्या कामाचा राहत नाही.

बाकी व्यवहाराचं: दोन तासांपेक्षा जास्त थांबू नका. सगळी दालनं पाहायचा हट्ट नको. शस्त्रं आणि चित्रं मी लवकर उरकते, ज्याला आवड आहे त्यानं थांबावं. आजींसाठी घडीचा हलका स्टूल सोबत घ्या आणि आत नेता येईल का हे दारावरच विचारा. त्या एका दालनात बसल्या की मुलांनी आळीपाळीनं जाऊन पाहायचं आणि परत येऊन आजींना सांगायचं, म्हणजे चालणं कमी आणि बोलणं जास्त.

कोळसापट्टा

मॅडमनी पिसदुऱ्याचं लिहिलं, मला खूप बरं वाटलं. मी वणीकडे खाणीत कामाला आहे. त्याहून जुनं काहीतरी आमच्या हाताखालून रोज जातं, ते सांगतो.

कोळशाच्या थरावर जो काळपट, पानासारखा सुटणारा दगड असतो, त्यात कधी कधी झाडाच्या पानाचा ठसा निघतो. जिभेसारखं लांबट पान, मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. त्या झाडाला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. पंचवीस कोटी वर्षांहून जुनं, डायनोसॉरच्याही आधीचं. आपला चंद्रपूर-वणी-उमरेडचा कोळसा ह्याच काळातल्या दलदलीतल्या जंगलाचा आहे. बाईंनी ज्यांचं नाव घेतलं त्या हिस्लॉपनी कामठी आणि सिलेवाड्याच्या दगडखाणींतून हीच पानं गोळा केली होती.

आता मुलीला सांगण्यासारखं: हेच पान दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकात सापडतं. हे सगळे भूभाग तेव्हा एकत्र होते, त्याचा हा एक मोठा पुरावा. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मेले. शेवटपर्यंत त्यांनी टाकले नव्हते त्या दगडांतही ग्लॉसोप्टेरिस होतं. इतकी थंडी, अंगात बळ नाही, आणि दगड ओढत होते. मी हे वाचलं तेव्हापासून पानाचा ठसा दिसला की थांबून पाहतो.

संग्रहालयात खडक आणि जीवाश्मांचा भाग लोक भराभर ओलांडतात, कारण सगळे दगड सारखे दिसतात. पानाचा ठसा शोधा, असं मुलांना काम देऊन ठेवा. एकदा एक ओळखलं की डोळ्याला सवय होते. आपल्या घरात ज्या कोळशाची वीज येते तो ह्याच पानांचा, हे त्यांना तिथंच सांगा. चंद्रपूरच्या वीज केंद्राचे धुराडे त्यांनी पाहिले असतीलच.

कोरचीहून

सर्वांना सेवा जोहार. मी गोंड आहे, गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातला. वरच्या सगळ्यांनी चांगलं लिहिलं, एक गोष्ट माझ्याकडून.

संग्रहालयात आदिवासी संस्कृतीचं दालन आहे. दागिने, वाद्यं, शिकारीची आणि घरातली साधनं. मी आमच्या मुलांना घेऊन गेलो तेव्हा बाजूला शहरातलं एक कुटुंब होतं. त्यांची मुलगी आईला म्हणाली, "हे लोक पूर्वी असायचे का?" माझा मुलगा तिथंच उभा होता. त्या लेकराला मी दोष देत नाही. जनावरांच्या दालनातून आल्यावर तिला तसं वाटलं. पण मोठ्या माणसांनी तिथं दोन वाक्यं बोलायला पाहिजेत.

दादा, तुम्ही वरोऱ्याचे. चिमूर, भद्रावतीकडे आमचे लोक तुमच्या शेजारी राहतात, एकाच बाजारात येतात. ढोल पाहाल तेव्हा मुलांना सांगा की हा ढोल या माघात कचारगडला वाजणार आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसाजवळ ती गुहा आहे, माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड लोक तिथं येतात. हिस्लॉपच्या टिपणांत आमच्या लिंगोची, म्हणजे गोंडांच्या आद्य गुरूची, गाथा लिहून घेतलेली आहे, १८६६ मध्ये छापली गेली. ती गाथा आमच्याकडे आजही म्हातारे गातात आणि तरुण मुलं मोबाइलवर भरून ठेवतात. मॅडमनी शिलावर्तुळांचं सांगितलं. भामरागडकडे माडिया लोक गेलेल्या माणसाच्या नावानं अजूनही दगड उभा करतात. ते पाहिलं की अडीच हजार वर्षांपूर्वीचे दगड परके वाटत नाहीत.

तुमच्या आईंना त्या दालनात नक्की न्या. तुंबा, सूप, टोपली, मोहफुलं वेचायची साधनं, यांतलं बरंच त्यांनी वापरलेलं असेल. मोहाच्या फुलांचा वास कसा असतो हे त्या सांगतील, काचेतून तो येत नाही.

पऱ्हाटीवाला, तालुका वरोरा

मंडळी, एवढं भरभरून लिहिलं, मन भरून आलं. संध्याकाळी सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं.

पिसदुऱ्याचं ऐकून पोरगं उठून उभंच राहिलं. आमच्या नात्यातले लोक त्या बाजूला आहेत, दरवर्षी आम्ही त्या रस्त्यानं जातो. त्याला आताच जायचं होतं. दगड उचलायचा नाही हे मात्र त्याला तीनदा सांगितलं. मुलीनं वही काढली आहे आणि प्रभावतीगुप्ताचं नाव पहिल्या पानावर लिहिलं आहे.

आईनं माळढोकाचं ऐकलं आणि म्हणाली, "हाव, पाह्यला न. माह्या बापाच्या वावरात याचा. तुरीत उभा राहे. आम्ही पोट्टे त्याच्या मांगं धावो, तो उडाले लय वेळ लावे." हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं, "तिथं हाय काय तो?" मी म्हटलं, जाऊन पाहू. मग म्हणाली की शनिवारी जाऊ, रविवारी गर्दी राहते.

कोरचीच्या दादांनी लिहिलं ते मी मुलांना दोनदा वाचून दाखवलं. मुलीच्या वर्गात गोंड मुली आहेत, त्यांतली एक तिची जवळची मैत्रीण. तिलाही सोबत न्यावं असं मुलगी म्हणते आहे. तिच्या घरी उद्या विचारतो. गाडीत एक जागा आहे.

आता एकच विचारायचं राहिलं. दुपारचं जेवण कुठं करावं? बायको म्हणते घरून भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा बांधून नेऊ, हॉटेलचं तेल आईला सोसत नाही.

वैनगंगेकाठची बाई

भाऊ, मैत्रिणीला जरूर न्या. दोघींना एकच वही देऊ नका, दोन द्या.

घरचं जेवण नेताय ते उत्तम. महाराजबाग जवळच आहे, झाडांच्या सावलीत बसता येतं. सकाळी दहा-साडेदहाला संग्रहालयात शिरा, बारा-साडेबारापर्यंत बाहेर पडा आणि तिकडे जा. कृषी महाविद्यालयाची ती बाग, तिथं प्राणिसंग्रहालयही आहे. मुलाला जिवंत जनावरं तिथं पाहायला मिळतील. जेवून आजींना अर्धा तास पडू द्या, चटई न्या.

माळढोक आहे का ते आत शिरल्या शिरल्या विचारून घ्या आणि आधी तिकडेच चला, आजींचे पाय ताजे असताना. बाकी दालनं मग. आणि त्यांनी सांगितलं ते, म्हणजे कुणाचं वावर, कोणतं गाव, तुरीत उभा राहायचा हे, मुलीला तारखेसकट लिहून ठेवायला सांगा. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना अशा जुन्या नोंदी लागतात. आल्यावर इथं कळवा, मी वाट पाहते.